हाताशी असेल ते साधन



निर्मितिशक्ती म्हटली की कवी, चित्रकार, मूर्तिकार डोळ्यांपुढे उभे राहतात; खेड्यातील शाळेशी तिचा संबंध तो काय, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः अडचणीतून स्वतःच्या बुद्धीने वाट काढण्याची रोजची सवय, हीच निर्मितिशक्ती होय.

तिचा उत्तम वस्तुपाठ आपल्याच राज्यात घडला आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. आज ते पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची साधने महाग. गरीब वस्तीत ती आणावयाची कोठून? पद्धत सोडून देणे सोपे होते. परंतु साधनामागील हेतू काय, हे या दोघींनी प्रथम पाहिले. मोजणे शिकवावयाचे, तर शिंपले, खडे व बिया पुरेशा होत्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. थोरली बहीण धाकट्या भावंडासाठी घरी राहते, हे ध्यानी येताच पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. हेतू कायम राहिला, साधन मात्र बदलत गेले.

आता आपल्या वर्गाकडे पाहू. फळ्यावर आंबा काढून तो उतरविण्यास सांगितले, तर चाळीस पाट्यांवर एकच आंबा उमटतो, आणि तोही गुरुजींचा! त्याऐवजी प्रत्येकास पाच निरनिराळी पाने आणावयास सांगावे व त्यांचे गट पाडू द्यावेत. कोणी आकारावरून पाडील, कोणी कडांवरून, कोणी वासावरून. प्रत्येकाने आपले कारण सांगावे. एका तासात निरीक्षण, वर्गीकरण आणि भाषा तिन्ही साधतात. खर्च काहीच नाही.

याचा अर्थ पाढे पाठ करू नयेत, असा नव्हे. शुद्धलेखनातील चूक ही चूकच. परंतु जेथे अनेक उत्तरे संभवतात, तेथे एकच उत्तर लादू नये. ज्याचे वेगळे उत्तर न ऐकताच खोडले जाते, ते मूल हळूहळू विचारणे सोडते. आणि विचारणे सोडलेले मूल वर्गात बसूनही वर्गाबाहेरच असते.

अभ्यासक्रमातून वेळ कसा काढावा, ही शंका रास्त आहे. आठवड्यातून एक तास, एवढ्यानेच आरंभ करावा. साधने दाराशीच आहेत. मुलाचे उत्तर ऐकून घेण्याचा धीर तेवढा शिक्षकाने आणावयाचा आहे.