चुना आणि दाताची नस
(चिखलदरा येथील पावसाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, समोर बसलेल्यांपैकी काहींच्या खिशात आत्ता खर्ऱ्याची पुडी असेल. तपासणार नाही. पण बोलायचं आहे ते त्यातल्या चुन्याबद्दलच. विरवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हेच रसायन, शुद्ध स्वरूपात, दातांचे डॉक्टर जवळपास शंभर वर्षं उघड्या पडलेल्या नसेवर ठेवत आले आहेत.

आपण जिला नस म्हणतो तो पल्प, दाताच्या पोटातला मऊ, रक्ताचा भाग. त्याच्या कडेनं ओडोन्टोब्लास्ट पेशींची रांग असते. त्या आधी कोलॅजेनचं जाळं विणतात, मग त्यात कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक बसतात आणि कठीण डेंटीन तयार होतं. हे काम जन्मभर चालतं. सुपारी चघळून आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचे दात पार सपाट होतात, तरी अनेकांना ठणका लागत नाही. झीज हळू असली की पल्प आतून डेंटीन भरत मागं सरतो. वरचं इनॅमल मात्र गेलं ते गेलंच. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपतात.

खोल किडीनं कडेची रांगच मेली तर? मग पल्पमधल्या मूळपेशी पुढं येतात. चुन्याच्या दाहकपणानं वरचा पातळ थर करपतो आणि त्याखालच्या जिवंत पेशी भिंत घालू लागतात. गंमत अशी, की ही भिंत चुन्याची नसतेच! १९६० साली कुत्र्यांच्या दातांवर किरणोत्सारी कॅल्शियमचा चुना ठेवून पाहिला. भिंतीत ते कॅल्शियम आलं नाही. माल रक्तातून येतो. चुना फक्त पेशींना डिवचतो. डिवचतो तोही जरा ओबडधोबड, कारण त्या भिंतीत बारीक भोकं राहतात. म्हणून आज पुष्कळ डॉक्टर एमटीए नावाचं सिमेंट पसंत करतात.

खरा शत्रू कोण, हे १९६५ साली काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. उंदरांचे पल्प उघडे करून तसेच सोडले. साध्या उंदरांचे सडले. जन्मापासून जंतुमुक्त वाढवलेल्यांचे, तोंडात अन्न अडकत असूनही, आतून बुजले. औषध काहीच नव्हतं.

पुढं २००० साली ग्रोन्थोस, शी आणि मंडळींनी माणसाच्या अक्कलदाढेतल्या पल्पच्या पेशी उंदराच्या कातडीखाली लावल्या. तिथं डेंटीनसारखी कठीण ऊती तयार झाली. अस्थिमज्जेतल्या पेशींनी तशाच जागी हाड घडवलं. म्हणजे काय बांधायचं, हे पेशी कुठून आली त्यावर ठरतं. मुंबईत दुधाचे दात साठवणाऱ्या खासगी बँका निघाल्या त्या अशा पेशी पुढं उपयोगी पडतील या आशेवर. माझं विचाराल तर पैसे भरायची घाई नको. दवाखान्यातले रोजचे उपचार अजून तिथवर पोचलेले नाहीत.

आणि घरी जाऊन पुडीतला चुना दुखऱ्या दाढेत भरू नका. तो निर्जंतुक नसतो, आणि तोंड भाजेल ते वेगळंच. थंड पाण्यानं कळ येऊन लगेच जात असेल, तर पल्प बहुधा अजून वाचवता येतो. तेव्हाच परतवाड्याला किंवा अमरावतीला दाखवा. कळ रात्री आपोआप उठून तासभर टिकू लागली, की बहुतेकदा रूट कॅनालच करावं लागतं.