कार्यशाळेचा तिसरा रकाना



मराठीच्या प्राध्यापिकेनं व्यवस्थापनशास्त्राच्या परिषदेबद्दल बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. मलाही सुरुवातीला वाटलं होतं. दोन वर्षांपूर्वी इंदूरच्या आमच्या महाविद्यालयातले वाणिज्य विभागाचे एक सहकारी हातात कागद घेऊन माझ्याकडे आले. व्यवस्थापनाच्या अध्यापकांची परिषद भरणार होती, आणि शोधनिबंधांबरोबर तिथे कार्यशाळांचे प्रस्तावही मागवले होते. विषय त्यांनी चांगला निवडला होता : नव्यानं विभागप्रमुख झालेल्यांची प्रशासनाच्या कामासाठी तयारी कशी करून घ्यायची. पण प्रस्ताव परत आला होता. सोबत एकच प्रश्न होता : या नव्वद मिनिटांत सहभागी काय करतील?

"तुमचं लिहिणं चांगलं आहे, जरा भाषा नीट करून द्या," असं ते म्हणाले.

भाषेत दोष नव्हताच. चार वक्ते, प्रत्येकी वीस मिनिटं, आणि शेवटी दहा मिनिटं खुली चर्चा. ही दहा मिनिटं कुठे जातात, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. पहिला वक्ता पाच मिनिटं जास्त घेतो, तिसऱ्यापर्यंत चहा थंड होतो, आणि चर्चेच्या वाट्याला आभारप्रदर्शन येतं.

एक मात्र खरं, की या शास्त्रात संवादातून शिकवण्याची परंपरा जुनी आहे. प्रत्यक्ष घडलेला प्रसंग वर्गापुढे ठेवायचा आणि निर्णय विद्यार्थ्यांना घ्यायला लावायचा, ही हार्वर्डची पद्धत. 1961 साली अहमदाबादची व्यवस्थापन संस्था सुरू झाली ती हार्वर्डच्याच सहकार्यानं, आणि ही पद्धत तिथे रुजली. अमेरिकेत 1936 साली 'अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट' स्थापन झाली. तिच्या वार्षिक अधिवेशनात व्यावसायिक विकासाच्या कार्यशाळांचं दालन निबंधवाचनापासून वेगळं असतं, आणि त्यांचे प्रस्ताव कितीतरी महिने आधी मागवले जातात. इतकी परंपरा पाठीशी असूनही आमच्या सहकाऱ्यांच्या हातून व्याख्यानमालाच लिहिली गेली. दोष त्यांना कसा देऊ? आपण सगळे त्याच घडणीतले.

1987 पासून विद्यापीठ अनुदान आयोगानं अध्यापकांसाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजं सुरू केली. मीही तिथला अठ्ठावीस दिवसांचा वर्ग केला. त्यातली व्याख्यानं आज विचाराल तर एकही सांगता येणार नाही. लक्षात राहिली ती एक दुपार. एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती आम्हा तिसेक जणांना वाटल्या आणि गुण द्यायला सांगितलं. पंधरापैकी कुणी चार दिले होते, कुणी बारा. मी बारावाल्यांत होते. त्या दिवसापासून मी उत्तरपत्रिका हातात घेतली की आधी निकष लिहून काढते.

ती दुपार आठवली आणि आम्ही कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले. पहिल्यात मिनिटं, दुसऱ्यात संयोजक काय करणार, तिसऱ्यात सहभागींचे हात काय करणार. जुना प्रस्ताव त्यात भरून पाहिला. तिसऱ्या रकान्यात ऐंशी मिनिटं 'ऐकतील' एवढंच आलं. मग सगळंच नव्यानं लिहिलं. पहिली दहा मिनिटं प्रत्येकानं आपल्या विभागातला एक अडलेला प्रसंग नाव न घालता कार्डावर लिहायचा. मग सहा-सहांच्या गटांत कार्डं बदलायची. गटानं एक प्रसंग निवडून त्यावर प्रत्यक्ष कागद तयार करायचा : सभेची सूचना, प्राचार्यांना पत्र, कामाचं वाटप, जे लागेल ते. शेवटी शेजारच्या गटानं तो कागद, तो मिळणाऱ्या माणसाच्या नजरेनं वाचायचा. फुगे फोडायला लावणाऱ्या आणि टाळ्या वाजवायला लावणाऱ्या कार्यशाळा मी पाहिल्या आहेत. त्यातलं काही यात नको, हा माझा हट्ट होता.

पाठवण्याआधी आमच्याच महाविद्यालयात रंगीत तालीम केली. चोवीस जण आले. त्यात आमच्या विभागातल्या एक अतिथी विद्वान होत्या. महाराष्ट्रात ज्यांना तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक म्हणतात, त्यांना आमच्याकडे हे भारदस्त नाव आहे. त्या सभांना नेमानं येत आणि गप्प बसत. मी त्यांना अबोल समजत होते. कार्डं फिरत फिरत एक माझ्या हातात आलं. त्यावर लिहिलं होतं : 'सभेची सूचना मला येते. सही करते. पण मी तिथे बोलायचं असतं की नुसतं बसायचं असतं, हे कुणी सांगितलेलं नाही.'

नाव नव्हतं, पण अक्षर मी ओळखलं. त्या सूचनेखाली विभागप्रमुख म्हणून माझीच सही असते. गेली अकरा वर्षं.

त्या दिवशी मी त्यांना काही बोलले नाही. पुढच्या सभेच्या सूचनेत विषयांपुढे नावं घातली, कोणता विषय कोण मांडणार ती. दुसऱ्या विषयापुढे त्यांचं नाव होतं. त्या सतरा मिनिटं बोलल्या. मी घड्याळ पाहिलं, हेही कबूल करते.

प्रस्ताव स्वीकारला गेला. परिषदेत मात्र आम्हाला पायऱ्यापायऱ्यांचं सभागृह मिळालं, खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या. निम्मे गट मान वळवून बोलत राहिले. खोली कशी हवी हे आम्ही प्रस्तावात लिहिलंच नव्हतं. चूक आमची. दुसरी गोष्ट भाषेची. पहिला अर्धा तास सगळं इंग्रजीत चाललं होतं आणि टेबलं शांत होती. मग आम्ही सांगितलं, आपल्या प्राचार्यांशी ज्या भाषेत भांडाल त्या भाषेत लिहा. हिंदी आली, गुजराती आली, दोघांनी मराठीत लिहिलं. आवाज इतका वाढला की शेजारच्या सत्रातून निरोप आला.

अकादमीला माझी विनंती साधी आहे. पुढच्या अधिवेशनात निबंधवाचनाचं एक सत्र कमी करून तीन तास कार्यशाळांना द्यावेत. प्रस्ताव आधी मागवावेत, दोन पानांचे, तीन रकान्यांचे. निवड करताना वक्त्यांची नावं झाकून तिसरा रकाना आधी वाचावा. विषयांना तोटा नाही. घरी मराठी बोलणारी पण हिंदी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेली मुलं आपल्या वर्गात येतात. त्यांच्या पहिल्या मराठी निबंधावर लाल शाईनं काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, यावर आपण कधी एकत्र बसलो आहोत?

मी वीस मिनिटं एकटीच बोलले आहे, आणि माझ्या तिसऱ्या रकान्यात आतापर्यंत 'ऐकतील' एवढंच आहे. तुमच्या खुर्च्यांवर अशाच एका निबंधाची प्रत ठेवली आहे. विद्यार्थ्याचं नाव काढलं आहे. पुढच्या रांगेनं खुर्च्या मागे फिरवाव्यात. शेरा लिहायला आठ मिनिटं.