पिशवी काढण्याआधी हाडांचाही विचार करा

चाकूर तालुक्यातल्या बचत गटांच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की बोलणं दुखण्याखुपण्यावर येतं. कुणाची कंबर धरलेली, कुणाचे गुडघे गेलेले. त्यात एक वाक्य आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकू येतं, "पिशवी काढल्यापासून अंगात जीवच राहिला नाही." पिशवीचा आणि हाडांचा काय संबंध, ते आज आम्ही सांगणार आहोत.

हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नव्हे, ते जिवंत असतं. माळवदावरची जुनी माती काढून नवी टाकतात ना, तसं काम हाडात रोज चालतं. काही पेशी जुनं हाड काढतात, काही नवं भरतात. किती काढायचं आणि किती भरायचं, याचे निरोप रक्तातून येतात. हे निरोप नेणाऱ्या रसायनांना हार्मोन म्हणतात.

मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीचं हार्मोन लेकरांची हाडं वाढवतं. गळ्यात दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की त्या हाडातून काढून घ्यायला लावतात. ऊन अंगावर पडलं की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते आतड्याला सांगतं, जेवणातलं कॅल्शियम आत घे.

बाईच्या शरीरात आणखी एक मोठं हार्मोन आहे, इस्ट्रोजेन. ते मुख्यतः अंडाशयात तयार होतं आणि हाड काढणाऱ्या पेशींना आवर घालतं. पाळी गेली की ते कमी होतं आणि हाडं झपाट्यानं विरळ होऊ लागतात. ऑपरेशनमध्ये पिशवीसोबत दोन्ही अंडाशयं काढली, तर पस्तिशीतल्या बाईवरही ही वेळ एका दिवसात येते. अंडाशयं ठेवली तर इस्ट्रोजेन बनत राहतं, तरी ते थोडं लवकर कमी होऊ शकतं.

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न 2019 साली गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत 82,309 बायांची माहिती घेतली, त्यांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा नको, मजुरी बुडायला नको, हे त्यामागचं एक कारण होतं. पण कोयता धरणाऱ्या, मोळी उचलणाऱ्या बाईला हाडंच तर लागतात!

ऑपरेशन कधी कधी जीव वाचवतं, ते टाळाच असं आम्ही म्हणत नाही. पण होकार देण्याआधी तीन प्रश्न विचारा. औषधानं बरं होणार नाही का? अंडाशयंही काढणार आहात का, आणि का? हाडांसाठी पुढं काय करायचं? शक्य असेल तर सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. कागद वाचून घ्या, मगच अंगठा किंवा सही.

ज्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांनी घाबरू नये. दूध, ताक, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला जेवणात आणा. डाळ, उसळ चुकवू नका. थोडा वेळ हातापायांवर ऊन घ्या, चालत राहा. कमी वयात अंडाशयं काढली असतील तर डॉक्टरांना हाडांची तपासणी करायची का, हे विचारा. काहींना बाहेरून हार्मोन देतात, पण ते मनानं घेऊ नका.

हाड मोडलं, तरी निरोपांचंच काम चालतं. तिथं रक्त साकळतं, पेशी रसायनं सोडून दुरुस्तीच्या पेशींना बोलावून घेतात. आधी मऊ जोड तयार होतो, मग त्यात कॅल्शियम भरून तो टणक होतो. याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तेवढ्यात चोळून घेतलं की जोड हलतो. मिश्री आणि तंबाखूनं रक्तपुरवठा कमी होऊन हाड उशिरा जुळतं. म्हणून प्लास्टर असेपर्यंत तरी मिश्री बंद. कायमची सुटली तर उत्तमच.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गटातल्या किती जणींची पिशवी काढलीय, आणि अंडाशयं ठेवलीत का, हे एकमेकींना विचारा. ज्यांना माहीत नाही, त्यांनी दवाखान्याचा कागद शोधून आशाताईंना दाखवा. कर्जाच्या वहीसारखा आपल्या शरीराचाही हिशेब आपल्याकडे हवा.