कोल्हापूरला नेमलेल्या डॉक्टरीणबाई



आज 26 फेब्रुवारी. 1887 साली याच तारखेला डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या. बावीस वर्षे पुरी व्हायला महिनाभर अवकाश होता. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर दोन-चार ओळी असतात, परीक्षेपुरत्या त्या आपण पाठ करतो. मी गगनबावड्याहून तुमच्याशी बोलायला आले आहे ती मात्र एवढे सांगायला, की या बाई आपल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाच्या नेमणुकीचा कागद हाती घेऊनच त्या अमेरिकेतून परत निघाल्या होत्या.

कोल्हापूरशी त्यांचा संबंध तसा जुना. पती गोपाळराव टपालखात्यात होते आणि बदलीच्या निमित्ताने हे जोडपे कोल्हापुरात राहत होते. 1878 साली बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, असे विचारणारे पत्र गोपाळरावांनी धाडले ते इथूनच. ते पत्र पोचले वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याकडे. या वाइल्डरसाहेबांनीच पूर्वी कोल्हापुरात मिशन सुरू केले होते. त्यांनी उत्तरात आधी ख्रिस्ती व्हा, असा सल्ला दिला, आणि सगळा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. पुढे 1880 साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. समोर पडलेले ते मासिक त्यांनी चाळले, आणि ओळख ना पाळख, त्या मुलीला पत्र लिहिले. आनंदीबाई पुढे त्यांना मावशी म्हणू लागल्या.

आनंदीबाईंच्या शिक्षणाचे कौतुक करताना एक गोष्ट मला झाकून ठेवायची नाही. गोपाळरावांनी बायकोला शिकवले हे खरे, पण कसे शिकवले तेही आनंदीबाईंनीच लिहून ठेवले आहे. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्या आठवण देतात, की दहाव्या वर्षी तुम्ही मला लाकडाने मारलेत, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तके फेकून मारलीत. हे वागणे चांगले की वाईट, याचा निवाडाही त्या शांतपणे करतात. त्यातून जे साधले ते पाहता योग्य, पण लहान मुलीच्या मनावर काय होईल ते पाहता अयोग्य. ना आकांडतांडव, ना खोटी कृतज्ञता. हे लिहिताना त्या विशीतही नसतील, किंवा जेमतेम असतील. जी पुस्तके अंगावर येत होती तीच या मुलीने जवळ केली. मराठी, इंग्रजी, संस्कृत, पुढे बंगालीही शिकली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचे, हे मनाने घेतले ते त्यानंतर.

अमेरिकेला निघण्यापूर्वी 24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केले. अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती आणि सभेपुढे उभे राहून इंग्रजीत बोलल्या. आपल्या बायका पुरुष डॉक्टरला अंग दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात, हे त्यांचे दुखणे होते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, हेही तिथेच सांगितले. दागिने विकून खर्चाची तोंडमिळवणी केली.

रोझेलला कार्पेंटर मावशींच्या घरी त्या मुलीसारख्या राहिल्या. पाहुण्यांना स्वतः रांधून आपल्या पद्धतीचे जेवण वाढले. मग फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय. तिथे मिळालेल्या खोलीतली शेगडी पेटवली की धूर कोंडायचा, विझवली की गारठा. अंगावर लुगडे, आहार शाकाहारी, आणि छातीचा आजार वाढत चाललेला. तरी 11 मार्च 1886 रोजी पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

त्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांनी त्यांना बोलावणे धाडले. अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो तिथे, बायकांचा विभाग त्यांनी सांभाळायचा होता.

आमच्या गगनबावडा तालुक्यात राहणाऱ्याला या नेमणुकीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस इथे कोसळतो. कुंभीला पूर आला की मांडुकलीजवळ पाणी रस्त्यावर येते आणि कोल्हापूरची वाट बंद होते. एखादी बाई अडली, की आजही घरच्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो, "सीपीआरला हलवा." आता गाडीरस्ता आहे, ॲम्ब्युलन्स आहे. आनंदीबाईंच्या काळी ते पंचावन्न किलोमीटर कसे काटायचे? आणि काटून गेल्यावर समोर पुरुष डॉक्टर असेल, तर सासू सुनेला दाखवू देणार होती का? सुईणीच्या हाताला यश आले तर ठीक, नाहीतर दोघेही गेले. अशा किती आया-आज्या या डोंगरात गेल्या असतील, त्यांची नोंद कुणी ठेवलेली नाही. त्यांच्यासाठी एक बाई शिकून येत होती.

16 नोव्हेंबर 1886 रोजी त्या मुंबईला उतरल्या त्या क्षयाने खंगलेल्या. कोल्हापूरला येणे झालेच नाही. शंभर दिवसांनी सगळे संपले. राख पुढे कार्पेंटर मावशींकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. नात्याची ना गोत्याची, पण त्या बाईने आपल्या माणसांत जागा दिली. आनंदीबाईंनी लोकांना किती जीव लावला होता, ते मला यावरून कळते.

त्या रुग्णालयाला पुढे बाई डॉक्टर मिळाली. कोल्हापुरात मुलींच्या शाळांसाठी राबलेल्या रखमाबाई केळवकरांची कन्या कृष्णाबाई डॉक्टर झाली, राजर्षी शाहू महाराजांनी तिला नेमले, अधिक शिक्षणासाठी विलायतेला पाठवले. म्हणजे जागा भरली. पण आनंदीबाईंच्या वाट्याला एकही रोगी बाई तपासायला आली नाही इथे, याची हळहळ मला त्यांच्याविषयी वाचताना दर वेळी वाटते.

काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचे चरित्र लिहिले आहे, त्यात त्यांची पत्रेही आहेत. ग्रंथालयात पुस्तक मिळाले तर आधी पत्रे वाचा, चरित्र मागाहून. घरात शिकणारी मुलगी असेल तर तिला मोठ्याने वाचायला सांगा.