गेलेली पत परत येते का?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण आरोग्य, बालसंगोपन, शिवणटिपण अशा विषयांवर चार शब्द ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले, तेव्हा मी विषय निवडला तो बुडालेल्या पतीचा. हसू नका! पतीचा म्हणजे नवऱ्याचा नव्हे. बाजारात आपल्या नावाला जी पत असते तिचा. पुष्कळ घरांत ही दोन्ही एकच समजली जातात, आणि घोटाळा तिथेच होतो. पण ते शेवटी सांगेन. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. तेव्हा जडजड शब्द माझ्याकडे नाहीत. घरात जे पाहिले आणि चार जाणत्यांना विचारून जे समजले, तेवढेच सांगते.

दिवाळे हा शब्द कसा आला, याची एक गोष्ट जुनी माणसे सांगतात. व्यापारी बुडाला की तो भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे. तो पाहून देणेकऱ्याने समजावे की इथे आता काही उरले नाही. म्हणजे बुडालेपण चारचौघांत दिसत असे. गाव ते पाही, आणि गावच ते लक्षात ठेवी. अमक्याच्या आजोबांनी वाण्याचे बुडवले, हे नातवाच्या सोयरिकीच्या वेळीही निघायचे.

सावकाराच्या चोपडीचे तर बोलायलाच नको. आपल्या देशावर, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, मे १८७५ मध्ये शेतकरी उठले. त्यांचा रोख मुख्यतः खतांवर आणि रोख्यांवर होता. ते कागद जाळले तरच कर्जातून सुटका, असे त्यांना वाटत होते. पुढे १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, आणि पैशाच्या देण्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले. तो कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना लागू होता. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात डहाणू-उंबरगावकडे तर लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही वर्षानुवर्षे मालकाकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. वेठबिगारी कायद्याने बंद झाली ती १९७६ साली. तरी आपल्याकडची कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की आजही उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, हे आपण डोळ्यांनी पाहतो. उचलीचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत, आणि ती वही आपल्याला वाचता येत नाही, ही त्यातली खरी अडचण.

हल्ली या साऱ्या चोपड्यांवर एक मोठी चोपडी आली आहे. बँक, वित्त कंपनी, गटाला कर्ज देणारी संस्था, सगळ्यांची कर्जे तिच्यात लिहिली जातात. लोक तिला सिबिल म्हणतात. सिबिल ही २००० साली निघालेली एक कंपनी. त्याबद्दलचा कायदा २००५ साली झाला, आणि आज अशा चार कंपन्या आहेत. आपण कर्ज कधी घेतले, हप्ता वेळेवर भरला की किती दिवस उशिरा, हे सारे त्यांच्याकडे नोंदले जाते. त्यावरून आपल्या नावाला ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण मिळतात. गुण जितके जास्त तितकी पत चांगली. म्हणजे दुकानात दिवा लावावा लागत नाही. दिवा आपोआप लागतो, आणि तो आपल्याला दिसत नाही, बँकेतल्या साहेबांना दिसतो.

आमच्याच घरचे उदाहरण देते. माझे धाकटे दीर मुरबाडकडे राहतात. एका वित्त कंपनीचे कर्ज काढून त्यांनी टेम्पो घेतला होता. शेतकऱ्यांची भेंडी, काकडी, कारली कल्याणच्या बाजारात पोचवायची, हा धंदा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि चाके थांबली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली होती, ती त्यांना मिळाली. पण सवलतीच्या काळातही व्याज चालूच होते. पुढे हप्ते थकत गेले. तीन महिन्यांच्या वर हप्ता थकला की ते खाते बुडीच्या वाटेवरचे धरतात. २०२१ मध्ये कंपनीने टेम्पो नेला आणि विकला. विकूनही ८४ हजार रुपये देणे उरले. कंपनीचा माणूस म्हणाला, पन्नास हजार एकरकमी भरा, विषय मिटवू. जाऊबाईंच्या पाटल्या मोडून भावोजींनी पन्नास हजार भरले. कागद मिळाला. विषय मिटला असे सगळ्यांना वाटले.

दोन वर्षांनी माझी पुतणी बारावी झाली. तिला परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे होते. शैक्षणिक कर्जासाठी अर्ज केला, तेव्हा बँकेने वडिलांचे नाव सहकर्जदार म्हणून घेतले आणि कर्ज नाकारले. भावोजी मला म्हणाले, “वहिनी, पैसे भरले, कागद मिळाला, मग अजून राहिले काय?”

भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकीने पाठ करून ठेवावे. कर्ज फेडणे आणि कर्ज मिटवणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पूर्ण फेडले तर नोंदीत खाते ‘बंद’ असे येते. थोडे घेऊन बाकीचे सोडले, तर ‘सेटल्ड’ असे येते. म्हणजे या माणसाने पूर्ण दिले नाही, आम्हाला सोडावे लागले. देणाऱ्याने आशाच सोडली, तर ‘राइट ऑफ’ असे येते. तोही माफीचा शब्द नाही. वसुली पुढे चालू राहू शकते. सोडलेले ३४ हजार भावोजींच्या नावापुढे तसेच उभे होते. कागदावर सही घेताना हे कोणी त्यांना सांगितले नव्हते.

आता ही नोंद किती दिवस राहते? आपल्या देशात या कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षे ठेवावी असा नियम आहे. सिबिलच्या अहवालात मागच्या ३६ महिन्यांचा हप्त्याहप्त्याचा हिशेब दिसतो. अमेरिकेत सगळे देणे कोर्टाकडून माफ करून घेतलेल्या माणसाचे दिवाळे नोंदीत दहा वर्षेपर्यंत राहते, इंग्लंडात सहसा सहा वर्षे. म्हणजे श्रीमंत देशांतही दिवाळे लगेच विसरत नाहीत, पण कायमचेही लक्षात ठेवत नाहीत. आजोबांचे नातवापर्यंत आणणारे गाव या बाबतीत अधिक कठोर होते म्हणायचे!

नोंदीतही सगळे दिवस सारखे नसतात. काल चुकलेला हप्ता फार बोचतो, चार वर्षांपूर्वी चुकलेला कमी. त्यावर वेळेवर भरलेल्या महिन्यांची रास पडत जाते. म्हणून बुडालेल्या माणसाने ‘आता काय, नाव गेलेच’ असे म्हणून हात टेकू नयेत. पत जाते एका पावसाळ्यात, आणि येते महिन्यामहिन्याने. पण येते.

भावोजींनी काय केले ते सांगते. प्रथम आपली नोंद मागवली. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा असा नियम आहे. माझ्या मुलाने तो फोनवर काढून दिला. मग कंपनीकडे जाऊन त्यांनी सोडलेले ३४ हजार दोन वेळात भरले, आणि येणे बाकी नाही असा दाखला लेखी घेतला. काही आठवड्यांनी नोंद ‘बंद’ अशी बदलली. मागचे चुकलेले हप्ते पुसले गेले नाहीत. ते खरे होते, तेव्हा पुसले जाणारही नव्हते. नंतर त्यांनी एक लहान कर्ज घेतले आणि प्रत्येक हप्ता तारखेच्या आधी भरला. गुण हळूहळू चढत आहेत. नवा टेम्पो अजून घेतलेला नाही, दुसऱ्याचा चालवतात. पण मान वर करून चालतात.

नोंदीत काही खोटे लिहिलेले असेल तर मात्र तक्रार करावी. तीस दिवसांत तक्रार मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू झाला आहे. आणि ‘आम्ही तुमचे सिबिल साफ करून देतो, पाच हजार द्या’ म्हणणाऱ्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवावे. खरी नोंद पैसे देऊन कोणाला पुसता येत नाही.

कोणी विचारील, माणूस अगदीच बुडाला तर कायदा काही आधार देतो की नाही? देतो. नादारीचा जुना कायदा १९२० सालचा आहे. देणे देण्याची ऐपतच नसेल तर माणसाने कोर्टात अर्ज करावा, कोर्ट त्याला नादार ठरवते, आणि पुढे मोकळीकही देते. मात्र मोकळीक मिळेपर्यंत, आपण नादार आहोत हे न सांगता कोणाकडून पन्नास रुपयांची उधारी घेतली तरी त्या कायद्याने तो गुन्हा ठरवला आहे. पन्नास रुपये! यावरून ध्यानात येईल की कायद्यालाही पतीचा मुख्य अर्थ खरे बोलणे हाच वाटतो. दिवाळखोरीचा नवा कायदा २०१६ साली झाला; त्यातला व्यक्तींविषयीचा भाग डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांना जामीन राहिलेल्यांपुरता लागू केला गेला.

आणखी दोन गोष्टी खास आपल्यासाठी. कोर्टाच्या हुकुमाने घरावर जप्ती आली, तरी अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईने काढू नये असा दागिना, यांना हात लावता येत नाही. कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे यांनाही संरक्षण आहे. शिवाय पैशाच्या हुकूमनाम्यापायी कोणत्याही स्त्रीला अटक करता येत नाही. तेव्हा वसुलीवाला दारात उभा राहून मंगळसूत्राची किंवा तुरुंगाची भाषा करू लागला, तर घाबरू नका. गटाच्या कर्जाबाबत तर रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच सांगितले आहे की सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तगाद्याचे फोन करू नयेत, आणि घरातील सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत. निम्म्याची ही मर्यादा खरे तर आपणच घरी पाळायची आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे सांगायला रिझर्व्ह बँक कशाला हवी?

आता आरंभी म्हटलेल्या घोटाळ्याकडे येते. नवऱ्याची पत आणि बायकोची पत या चोपडीत निरनिराळ्या लिहिल्या जातात. वडिलांचा डाग मुलीच्या नोंदीत उतरत नाही, आणि नवऱ्याचा बायकोच्या नोंदीत उतरत नाही. आपण स्वतः सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही केली असेल, तरच उतरतो. म्हणून ‘इथे सही कर’ म्हटले की लगेच करू नये. कागद कशाचा, रक्कम किती, हप्ता कोण भरणार, हे विचारावे. विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. शेजारणीला जामीन राहताना तर दोनदा विचारावे. तिचा हप्ता चुकला की दिवा आपल्याही दुकानात लागतो.

आमच्या पुतणीचे काय झाले, हे तुम्ही मनात विचारत असाल. तिचे एक वर्ष फुकट गेले, ते काही परत आले नाही. पण माझ्या जाऊबाईंनी पूर्वी शिलाई यंत्रासाठी स्वतःच्या नावावर मुद्रा योजनेतले लहान कर्ज घेतले होते. ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवून त्यांनी ते एकही हप्ता न चुकवता फेडले होते. टेम्पोच्या कागदावर त्यांची सही नव्हती. पुढच्या वर्षी सहकर्जदार म्हणून आईचे नाव दिले, आणि कर्ज मंजूर झाले. मुलगी आज दुसऱ्या वर्षाला आहे. ज्या बाईला आपल्या नावाला काही किंमत आहे हे ठाऊकही नव्हते, तिच्या नावाने घर उभे राहिले.

तेव्हा माझी विनंती एवढीच. प्रत्येकीने आपल्या नावाचे एक खाते चालते ठेवावे, आणि वर्षातून एकदा, हळदीकुंकवाच्या दिवसांत म्हणा हवे तर, आपल्या नावाची नोंद काढून पाहावी. मंडळातल्या शिकलेल्या मुलींनी इतरांना त्यात मदत करावी. आणि ज्या घराचे दिवाळे निघाले असेल, त्या घरच्या बाईला टोमणा मारू नये. चोपडीसुद्धा काही वर्षांनी मागचे सोडून देते. आपण माणसे आहोत, आपल्याला त्याहून लवकर सोडता आले पाहिजे.