कोटवाराच्या वहीतली नावे



 बालाघाट जिल्ह्यातल्या आमच्या हट्ट्याची बावली, म्हणजे पायऱ्यांची विहीर, पाहिल्याशिवाय कुणी परत जाऊ नये. गोंड राजा हटेसिंह वल्के यांनी ती बांधली, असे इथे पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत.

इथल्या आजच्या संमेलनाची तयारी चालू असताना एका तरुणाने मला विचारले, ‘१८८१ च्या जनगणनेत माझ्या खापरपणजोबांचे नाव कुठे पाहायला मिळेल?’ कुठेच नाही, हे सांगताना मला वाईट वाटले. आपल्या देशात १८७२ मध्ये पहिली खानेसुमारी झाली आणि १८८१ पासून २०११ पर्यंत ती दर दहा वर्षांनी होत राहिली. गावाची, धर्माची, जातीची बेरीज छापली गेली. ज्या तक्त्यांवर माणसांची नावे होती, ते मात्र बेरजा झाल्यावर सहसा जपले गेले नाहीत. १९४८ च्या कायद्याने तर जनगणनेचा कागद कुणाला पाहता येत नाही आणि पुरावा म्हणून मांडताही येत नाही.

या बाबतीत अमेरिकेतल्या विनेबॅगो आदिवासींची गोष्ट वेगळी आहे. ते स्वतःला हो-चंक म्हणवतात. सरकारने त्यांना विस्कॉन्सिनमधून उठवले आणि आयोवा, मिनेसोटा, साउथ डकोटा असे फिरवत १८६५ मध्ये नेब्रास्कात आणून बसवले. १८८४ च्या कायद्याप्रमाणे तिथल्या सरकारी एजंटाला दरवर्षी नावनिशीवार यादी करावी लागे: मूळ नाव, इंग्रजी नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नाते. १८८५ ते १९४० च्या या याद्या आज त्यांचीच नातवंडे-पतवंडे वाचतात. पण ते कामही सोपे नाही. त्यांच्यात पहिला मुलगा कुनू, पहिली मुलगी हिनू, अशी जन्मक्रमाने नावे असतात. एकाच यादीत कितीतरी कुनू! मग वय पाहायचे, आईचे नाव पाहायचे, पुढच्या-मागच्या वर्षाची यादी शेजारी ठेवायची. आपल्याकडचे थोरला, मंझला, बारक्या आठवा, म्हणजे त्यांची अडचण कळेल.

मग आपण कुठे शोधायचे? आधी जिल्हा ओळखा. बालाघाट जिल्हा १८६७ पासून भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडून तयार झाला. त्यामुळे त्याआधीच्या पिढीचा माग भंडाऱ्याच्या दप्तरात लागू शकतो. आजचा गोंदिया जिल्हाही १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होता. १९५६ मध्ये जुने मध्य प्रदेश राज्य फुटले, नागपूर तिकडे, आजच्या महाराष्ट्रात गेले, आपण इकडे मध्य प्रदेशात राहिलो. भावकी दोन राज्यांत वाटली गेली आणि कागदही. बिसेन, पटले, टेंभरे, राहांगडाले ही आडनावे वैनगंगेच्या दोन्ही अंगांना सापडतात. शोधणाऱ्याने नदी ओलांडायची तयारी ठेवावी. वल्द (अमक्याचा मुलगा), साकिन (राहणार), बेवा (विधवा) हे शब्द शिकून घ्यावेत, आणि जमल्यास मोडीही.

बंदोबस्ताची मिसल, म्हणजे जमीनमहसुलाचे जुने दप्तर, सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यात मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, सापडतो, कास्तकार सापडतो. ज्याच्या नावावर जमीन नव्हती तो क्वचितच सापडतो, आणि बाई सापडलीच तर बहुधा बेवा म्हणून. माझा स्वतःचा सगळ्यात जास्त विश्वास कोटवाराच्या, म्हणजे गावच्या चौकीदाराच्या, वहीवर आहे. गावात जन्म झाला, मृत्यू झाला की कोटवार ती खबर वहीसकट ठाण्यावर पोचवत असे. त्या वहीत मालगुजाराचा मुलगा आणि मजुराची मुलगी एकाखाली एक येतात. ही वही वर्षानुवर्षे वाहून नेणारे कोटवार आपल्या भागात बहुतेक महार समाजाचे होते. आपल्या सगळ्यांच्या वंशावळी त्यांच्या पायांनी चालत ठाण्यापर्यंत गेल्या, याची आज जाहीर आठवण करणे मला कर्तव्य वाटते.

माझ्या आजीची नोंद मला अशाच एका वहीत सापडली. पणजोबांचे नाव, जात, गाव, आणि पुढे फक्त ‘मुलगी’. बारसे व्हायचे होते, म्हणून नाव नाही. तिची आई तर त्या ओळीत कुठेच नव्हती. ते नाव मला माझ्या आत्याने सांगितले, धान पाखडता पाखडता. ते मी त्याच दिवशी लिहून ठेवले. पुढच्या वर्षी आत्या गेली.

म्हणून आम्ही आज व्यवस्था थोडी वेगळी केली आहे. मंडपाच्या उजव्या हाताला मोडी वाचणारे बसले आहेत. घरचे जुने कागद आणले असतील तर त्यांना दाखवा. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. डाव्या हाताला, पंख्याखाली, आसपासच्या गावांतून आलेल्या आज्या बसल्या आहेत. प्रत्येकीजवळ वही-पेन घेतलेली एक मुलगी आहे. पाहुण्यांनो, चहा घेऊन आधी त्यांच्याकडे जा आणि त्यांच्या आईचे, आजीचे नाव विचारा. उजवीकडचे कागद संध्याकाळपर्यंत तिथेच राहतील.