गाणारीने बोलावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



गाण्याला आवाज लागतो, रियाज लागतो, हे आपण सगळ्या जाणतो. पण गाणाऱ्या बाईला गाण्याबाहेरचे चार शब्द नेमके बोलता यावे लागतात, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. मुलींना आपण राग शिकवतो. वाद्य करणाऱ्याशी आणि साथ करणाऱ्याशी कसे बोलावे ते शिकवत नाही.

मिरजेचेच पाहा. हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्यांचे काम हाती घेतले, ते आजही चालू आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचे सारे मर्म जवारीत. घोडीचा माथा वरून सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो. छेडलेली तार त्या उताराला हलकेच स्पर्श करीत राहते आणि तो भरलेला, गुंजणारा नाद निघतो. कारागीर कानशीने घासून हा उतार साधतो आणि शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा धरतो. केसाएवढा फरक पडला तरी आवाज बसतो, नाहीतर झणझणतो.

आता हा केसाएवढा फरक मोजायचा कशाने? गाणारीच्या कानाने. आणि तिने तोंड उघडले नाही तर कारागिराला तो कळायचा कसा?

एका कारखान्यात मी बसले होते. एक जोडपे तंबोरा घेऊन आले. बाई गाणाऱ्या; बोलत होते मात्र त्यांचे यजमान. “आवाज जरा चांगला करून द्या,” म्हणाले. वृद्ध कारागिरांनी विचारले, “पट्टी कोणती?” यजमान बाईंकडे पाहू लागले. “काळी चार,” बाई हळूच म्हणाल्या. त्याबरोबर चाचांनी तंबोरा त्यांच्यापुढे केला. “ताई, आता तुम्हीच सांगा. काय खटकते?” बाई थोडा वेळ छेडत राहिल्या. “पंचम एकटाच ऐकू येतो. जोडीत मिसळत नाही. आणि खर्ज लवकर विझतो.” चाचांनी दोरा सरकवला. “आता?” “अजून थोडा.” “आता?” असे अर्धा तास चालले. यजमान बिचारे बाहेर चहाला गेले, ते बरे झाले.

त्या बाईंनी काय सांगितले, ते लक्षात घ्या. कोणती तार, आणि तिचे काय होते, एवढेच. ‘चांगला करा’ यातून कारागिराला काहीच कळत नाही. उलट ‘येथे घासा, तेथे घासा’ असेही सांगू नये. ते त्याचे काम. पट्टी मात्र पहिल्यांदा सांगावी. पुरुष बहुधा काळी एक-दोनला गातात, आपण काळी चार-पाचला. त्याप्रमाणे तारेची जाडी आणि ताण बदलतो, आणि जवारी त्या ताणालाच काढलेली असते.

मैफलीत तर बोलायचीही सोय नसते. हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ साली मिरजेलाच झाला. त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले, तेव्हा बाईने पुढे बसून मैफल चालवणे लोकांना नवे होते. आज नवे राहिलेले नाही. तरी आपल्या मुली तबलजींना ‘लय वाढते आहे’ एवढे सांगायला कचरतात. निम्मे काम बसण्याआधीच होते. पट्टी आदल्या दिवशीच कळवावी, कारण काळी एकचा तबला काळी चारला चढत नाही. ताल, लय आणि मुखडा कोणत्या मात्रेपासून उठतो, हे तिथल्या तिथे सांगावे. पुढे गाताना लय पळू लागली तर डोळे वटारू नयेत. मांडीवर हाताने मात्रा धरून मुखडा आपल्या लयीत दोनदा ठाम घ्यावा. जाणता तबलजी लगेच मागे येतो. त्यांना वाजवायला जागा द्यायची असेल तर नुसता मुखडा धरून त्यांच्याकडे पाहावे. पेटी चढली तर तळहात जरासा खाली करावा.

(आपल्या भजनात लय पळते ती आपल्या टाळांमुळे, आणि बोल लागतो मृदंगवाल्याला, हे मी जाता जाता सांगून ठेवते.)

हल्ली तंबोरा मोबाईलमध्येही मिळतो. रियाजाला मीही तो लावते, सोयीचा आहे. मात्र तो आपल्याला ‘आता कसे वाटते?’ असे कधी विचारीत नाही, आणि उत्तर द्यायची सवय कानाला लागत नाही.

मंडळाचे दोन्ही तंबोरे पुढील महिन्यात जवारीसाठी मिरजेला न्यायचे ठरले आहे. ज्यांना त्यांवर गायचे आहे त्यांनी स्वतः बरोबर यावे. तंबोरे गाडीत चढवायला घरची पुरुषमंडळी आली तर हरकत नाही.